काटेरी लगाम

मित्रांनो, मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे एका ढाब्यामागे म्हातारी पांढरी घोडी बांधलेली दिसली, तर ती मीच. माझे नाव सावळी. पांढऱ्या घोडीचे हे नाव ऐकून लोक हसतात. पण आमच्यातली पुष्कळ शिंगरे जन्मतात काळसर आणि वयाबरोबर पांढरी होत जातात. मला नाव ठेवणाऱ्या हौसाला हे कुठून ठाऊक असणार?

माझा जन्म धसईजवळच्या एका पाड्यावर, भात कापून झालेल्या शेतात झाला. दरवर्षी दिवाळीनंतर घाटावरचे मेंढपाळ मेंढरे घेऊन खाली उतरत. त्यांचे सामान वाहणाऱ्या घोड्यांत माझी आई होती. मी अशक्त होते, पायावर उभी राहत नव्हते. मेंढपाळांना मुक्काम हलवायचा होता. त्यांच्यातल्या एका बाईने मला शेताच्या मालकिणीच्या, म्हणजे हौसाच्या पुढ्यात ठेवले.

"जगली तर तुझी, बाई," ती म्हणाली. आई सामानाखाली वळून वळून ओरडत होती. तिचा आवाज टेकडीपलीकडे गेला आणि मग आलाच नाही.

हौसाने मला शेळीचे दूध पाजले. तिचा नवरा नवसू म्हणायचा, "नाय जगायची गो ही." तरी थंडीत स्वतःची घोंगडी माझ्यावर तोच टाकायचा. मी जगले. पुढे मी पाड्यावरचा तांदूळ आणि भाजी धसईच्या बाजाराला नेऊ लागले. पाठीवर आधी जुनी गोधडी, मग गोणी. चढ आला की नवसू एक गोणी उतरवून आपल्या खांद्यावर घ्यायचा.

मी पांढरी झाले तशी लग्नांची बोलावणी येऊ लागली. हौसा मला ओढ्यावर धुवायची, तोंडाला साधी दोरी बांधायची. वरातीतली पोरे नवरदेवामागे चढायला बघत, तेव्हा नवसू आडवा व्हायचा. "नवरा बसंल. करवला नाय बसणार." लोकांना राग यायचा, पण तो हटायचा नाही. बेंजोच्या तालावर मी डौलात चालायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. ते चांगले आहेत हे मला तेव्हा कळत नव्हते.

एका उन्हाळ्यात नवसू आंब्यावरून पडला. कंबर गेली. तो अंथरुणाला खिळला आणि घर हौसाच्या एकटीच्या अंगावर आले. पुढच्या हंगामात तिला वीटभट्टीवर जाणे भाग पडले. नवसूला तिने त्याच्या बहिणीकडे ठेवले. पण मला कोण ठेवणार? टोकावड्याचा शाम बेंजो पार्टी चालवायचा. तो म्हणाला, "वयनी, मी सांभाळतो. तू येस्तवर."

भट्टीवरून परतताच हौसा मला न्यायला आली. शामने नाही म्हटले नाही. त्याने एवढेच विचारले, "नेशील, पण घालशील काय तिला? घरात नवसू पडलेला. तू मजुरीला गेलीस की पाणी कोण दाखवणार?"

हौसाने माझ्या मानेवरून हात फिरवला. मग ती एकटीच एसटीच्या थांब्याकडे गेली. मी दोरी ताणली, पण खुंटा पक्का होता.

शाम वाईट माणूस नव्हता. पण हंगामात त्याला एका दिवसात दोन-दोन वराती करायच्या असत. फटाक्यांना मी बुजायचे, म्हणून त्याने काटेरी लगाम आणला. लोखंडी कडीला टोके असतात. लगाम जरा ओढला की ती ओठांच्या कडेला रुततात. मग घोडी थांबते. लोकांना वाटते, किती शहाणी घोडी. एकदा फटाका तोंडापाशी फुटला आणि माझा उजवा डोळा गेला. वरात थांबली नाही.

आणि एका लग्नात हौसा भेटली. ती तिथे मजुरीवर भाकऱ्या भाजायला आली होती. वरात जवळ आली, तशी ती पिठाच्या हातांनी बघायला बाहेर आली आणि मला बघून गर्दीत शिरली. आधी तिने माझा पुढचा पाय उचलला. मी लंगडत होते, ते इतक्या माणसांत कुणाला दिसले नव्हते. केसांतल्या आकड्याने तिने खुरातला खडा काढला. मग माझ्या तोंडाला हात लावला. हाताचे पीठ लाल झाले.

बेंजो थांबला. कुणीतरी म्हणाले, "बाई, मुहूर्त टळेल."

"शामभाऊ, हा काटा काढ," हौसा म्हणाली.

"आणि बिथरली तर? पोरं तुडवली तर तू निस्तरशील?"

"मी चालते ना पुढं. माझ्या हातात दोरी दे."

नवरदेवाच्या काकांनी घाई केली म्हणून शामने लगाम काढून साधी दोरी बांधली. मित्रांनो, हौसाने दोरी धरली आणि मी मांडवापर्यंत गेले. फटाके वाजले, मी थरथरले, पण एक पाऊल वाकडे टाकले नाही. ती हळू आवाजात बोलत होती, "चल गो बाय, चल."

मांडवात नवरदेव उतरला. शामने दोरी मागितली. हौसाने ती लगेच दिली नाही. "परत तो काटा नको घालू," ती म्हणाली.

"वयनी, उद्या दुसरं लगीन हाय. तिथं तू हायस काय?"

ती नव्हती. उद्या तिला कामावर जायचे होते. तिने दोरी सोडली. माझ्या तोंडात कडी गेली तेव्हा तिने मान फिरवली, पण ती गेली नाही. मला चढवलेला टेम्पो सुटेपर्यंत तशीच उभी होती. मला खिंकाळायचे होते. तोंड उघडले की काटे लागत, म्हणून गप्प राहिले.

त्यानंतर हौसा दिसली नाही. आता म्हातारी झाले, मला कुणी वरातीला नेत नाही; शामने या ढाब्यामागे आणून बांधले आहे. ढाब्याचे उरलेसुरले मिळते. कधी पाणी द्यायचे राहून जाते. मला मागता येत नाही.

मित्रांनो, हौसाची माया खरी होती, पण दोरी तिच्या हातात नव्हती. ती लग्नघरच्या माणसांच्या हातात असते. तुमच्या दारी घोडी आली, तर तिच्या झुलीकडे बघण्याआधी ओठांच्या कडा बघा. रक्त दिसले तर नवरदेवाला सांगा, खाली उतर. मांडव काही फार लांब नसतो.