पृथ्वीच्या पोटातून आदळआपट

भूकंपमापन केंद्राच्या तळघरात यंत्र, वर साहेबांचं घर. मी तिथला मेकॅनिक. चहा वरच असायचा, त्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आहे. पटलं तर घ्या.

साहेबांच्या लेकीने नोकरी धरली ती थेट पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. साहेब म्हणाले, "खुशाल जा. अडवलंय कुणी?" लेकीने लहानपणीच्या सवयीने पाय आपटले, उजवा जोरात, डावा जरा हळू, आणि गेली. खाली सुई दोनदा थरथरली.

तेव्हापासून बापलेकीची बोलाचाल बंद. "एक भूकंप, एक ज्वालामुखी," लेकीची आई, आमच्या बाई, मला म्हणायच्या, "आणि मी मधली जमीन."

पण रोज सकाळी सुई हलायची. आधी जोरात, मग हळू. तिकडे लेकीने पाय आपटले की धक्का खडकातून, तापलेल्या थरांतून, वितळलेल्या लोखंडाच्या समुद्रातून, पार मधल्या घट्ट लोखंडी गोळ्यातून निघून, पुन्हा तेवढंच सगळं चढून आमच्याकडे हजर. चहा निवायच्या आत.

"अजून चिडलीय," साहेब म्हणायचे, आणि दिवसभर खुशीत असायचे.

एका सकाळी सुई हललीच नाही. पुढेही नाही. साहेबांनी यंत्र पुसलं, मला शिव्या घातल्या, शेवटी वर येऊन बाईंना विचारलं, "विसरली का गं ती मला?"

बाई भाजी निवडत होत्या. त्यांचं लेकीशी रोज बोलणं व्हायचं. "मला काय विचारता? फोन आहे, तुम्हाला बोटं आहेत."

साहेबांनी फोन लावला.

"पाय दुखतोय का तुझा?" साहेबांनी विचारलं.

"नाही, बाबा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ होईपर्यंत आदळआपट बंद."

साहेब हळूच खुर्चीत टेकले. "मग नको करू," ते म्हणाले. "तुझा राग मी इकडे जपून ठेवतो."

मग रोज फोन. सुई मात्र गप्पच, लेकीला रागवायला काही उरलंच नव्हतं. आणि दोनेक वर्षांनी ती पुन्हा हलली. इवलीशी. उजवा जोरात, डावा जरा हळू.

साहेब जिना धापा टाकत चढले आणि लेकीला फोन लावला. "काय गं, कशावरून चिडलीय ती?"

"दूध नकोय म्हणे. पण तुम्हाला कसं कळलं?"

"तिला सांग," साहेब डोळे पुसत म्हणाले, "आजोबांना पोचलं."