उसापलीकडची मोटर

महिपतीतात्यांनी पडवीतल्या डबीचं बटण दाबलं आणि शेजारच्या गोकुळकडे बघून ते मिशीतल्या मिशीत हसले.

"आता बघ. हितनं बटण दाबलं की उसापलीकडं मोटर चालू."

डबी त्यांच्या लेकाने, ऋषिराजने बनवलेली. बारामतीतली नोकरी सांभाळून असले उद्योग करायचा त्याला भारी नाद. आज तो निमगाव केतकीला घरी आला, तसं तात्यांनी कौतुकाने गोकुळला चहाला बोलावलं होतं.

विहिरीवर निरोप पोचला की डबीवरचा हिरवा दिवा लागायचा. तो लागला नाही. तात्यांचा हात हळूच खिशात गेला, फोनची कळ दाबून परत बाहेर आला. जरा वेळाने अंगणातल्या हौदात पाणी मात्र पडू लागलं.

"मलाबी एक करून दे बाबा," गोकुळ म्हणाला.

ऋषिराज न लागलेल्या दिव्याकडेच बघत होता. वायरलेसची मॉड्यूलं त्याने दोन घेतली होती, एक लांब पल्ल्याचं आणि एक स्वस्तातलं. स्वस्तातलं इथे लावलं. तेव्हा उसाची नुकती लागण झाली होती, तो घोट्याएवढा होता आणि विहीर पडवीतून दिसत होती. डबी पहिल्याच झटक्यात चालली. आता ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि त्या ओल्या, दाट पाल्यातून निरोप पलीकडे जात नव्हता. ऊस वाढतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला हवं होतं? लांब पल्ल्याचं मॉड्यूल त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत होतं, चार हातांवरच्या कुंडीला पाणी सोडायला. येणारे-जाणारे वाखाणायचे, म्हणून तिथेच राहिलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"गोकुळकाका, ही डबी खरं तर..."

"करंल की," तात्या मध्येच म्हणाले. "सवड झाली की तुलाबी करून दील."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तात्यांनी ती चांगलीच आवळून धरली होती.

गोकुळ गेला. मागोमाग उसाच्या सरीतून ऋषिराजची आई विजयमाला बाहेर आली. डोक्याला पदर गच्च बांधलेला, एका मुठीत फोन, दुसऱ्या हातात काठी. पाल्याने दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले होते.

"तात्या मिसकॉल देत्यात आन् मोटर तू चालू करतीस, व्हय?" ऋषिराजने विचारलं.

"त्यांचा गुडघा धरलाय. मग कोण जाणार?"

"आन् उसात जनावर निघालं तर?"

"काठी आपटत जाती की. गावात समदी तुझं नाव घेत्यात, ते काय कमी हाय?"

तिने हौदात हात बुडवले. पाणी झोंबलं तसे डोळे बारीक केले, आणि मग काहीतरी आठवून हसली.

"म्या दिलेली तगर जगली का रं, तुझ्या गॅलरीतली?"

"जगली."

"येळच्या येळी पाणी मिळतं न्हवं तिला?"

"मिळतं," तो म्हणाला. त्याला तिच्या हातांकडे बघवेना.