पश्चिमेच्या पन्हळीचं पाणी

नीलकंठराव संस्थानात ओव्हरसियर होते, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता त्यांच्याकडे. देवासच्या घराला त्यांनी लाकडी पन्हळी बसवल्या. आधी वाळवी मारणाऱ्या विषारी मोरचुदाच्या पाण्यात मुरवल्या, वर हिरवा तेलाचा रंग दिला. आता म्हणे वाळवी फिरकणार नाही. विहिरीच्या जड पाण्यात तुरीची डाळ काही शिजत नसे, म्हणून त्यांची विधवा भावजय दुर्गा पन्हळीतून पडणारं पावसाचं पाणी हंड्यांत धरी आणि त्यात वरण लावी.

पहिला पावसाळा बरा गेला. मग वैशाखाच्या उन्हानं पश्चिमेच्या पन्हळीवरचा रंग पोपडे धरून सुटला. कडुनिंबाच्या सावलीतली पूर्वेची पन्हळ तशीच चकचकीत राहिली. यंदा दुर्गेची लेक सुभद्रा बाळंतपणाला आली ती वरणभात खाल्ला की ओकायची. दुर्गेनं पश्चिमेचा हंडा पाहिला. पाण्यावर निळसर झाक होती, चव कशीतरीच. तिनं दिराला सांगितलं.

"रंगाखालचं मोरचूद बाहेर येईल कसं, वहिनी? भांड्यांना कल्हई नाही, त्यानं बाधतंय, ते बघा."

एवढ्यावर थांबतील तर ते ओव्हरसियर कसले! गावभर तेच सांगत सुटले, ते थेट धारला सुभद्रेच्या सासूच्या, अक्कांच्या, कानी गेलं. अक्का गाडी जुंपूनच आल्या. विहिणीला भांडी सांभाळता येत नसतील तर सून धारला न्यायची. दिवस भरत आलेले, रस्त्यात गुडघाभर चिखल. पोर वाटेतच दगावायची, ही दुर्गेला भीती.

तिनं वाद घातला नाही. कल्हईवाल्याला बोलावून अक्कांच्या डोळ्यांदेखत सगळी भांडी लखलखीत करून घेतली. मग स्वयंपाक केला आणि दिराचं ताट वाढलं. अक्का दाराशी टेकल्या होत्या.

"जेवा भावोजी. कल्हई आजचीच आहे."

नीलकंठरावांनी वरणभात कालवला. घास उचलता उचलता हात थबकला.

"पाणी कुठल्या बाजूचं घेतलंत?"

"पश्चिमेचं."

त्यांनी ताट सरकवलं. भूक नाही म्हणाले.

वरण पूर्वेच्याच पाण्याचं होतं. असल्या माणसापुढं खोटं बोलण्याचं पाप दुर्गेनं खुशाल पदरात घेतलं.

अक्कांनी त्या ताटाकडे बोट केलं. "म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं, नीलकंठराव," त्या म्हणाल्या, "आणि माझी सून ते खात होती."

अक्कांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.