चौदावा रकाना

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवसाची पहिली चंचुपात्रं सकाळी साडेनऊला धुतली जात. ती धुणाऱ्या बाईंना अख्खं विद्यापीठ ‘ॲसिडमावशी’ म्हणायचं. नाव पोरांनी ठेवलेलं; आम्लांच्या कपाटाची किल्ली एकोणीस वर्षं मावशींच्याच कमरेला होती. प्राध्यापक रजेवर गेले तर प्रात्यक्षिक अडत नसे, मावशी गेल्या तर अडे. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे विसरलेल्या दोन डॉक्टरेटवाल्यांचे हात त्यांनी वेळेवर नळाखाली धरून वाचवले होते.

बारावी सायन्स झाल्यावर मावशींचं लग्न झालं आणि पुढचं शिक्षण राहिलं. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. आणि आता, त्रेचाळिसाव्या वर्षी, विद्यापीठाने महिला कर्मचाऱ्यांसाठी संध्याकाळची मोफत पदवी जाहीर केली होती. योजनेचं नाव ‘स्वावलंबिनी’. माहितीपत्रकावर लिहिलं होतं की स्त्रीने स्वतःच्या पायांवर उभं राहावं. उभं राहण्यासाठी कोणाची परवानगी लागेल, ते अर्जाच्या दुसऱ्या पानावर होतं.

“मावशी, चौदा कोरा आहे,” खिडकीतून हेडक्लार्क म्हणाले.

तेरा रकाने मावशींनी सुवाच्य अक्षरात भरले होते. चौदाव्यात छापलं होतं : ‘पालकाची संमती व सही (वडील, पती अथवा अन्य सज्ञान पुरुष नातेवाईक).’

“वडील नाहीत, नवरा नाही. म्हणून कोरा ठेवला.”

“दीर असतील की!”

“साहेब, या वयात मला पालक कशाला हवाय?”

“तुम्हाला नाही हो, कॉम्प्युटरला हवाय. रकाना भरल्याशिवाय तो पुढच्या पानावर जातच नाही.”

“पण हे ठरवलं कोणी?”

“महिला कल्याण समितीनं,” हेडक्लार्क अभिमानाने म्हणाले.

समितीत पाच जण होते. चार पुरुष, पाचव्या बाई बैठकीच्या दिवशी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. ठराव एकमताने झाला.

मावशींना ही खिडकी नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी लेकाच्या प्रवेशाला त्या इथेच उभ्या होत्या. ज्या आईने त्याला एकटीने वाढवलं, तिची सही चालली नव्हती. ‘काकांची आणा,’ असं सांगितलं गेलं होतं. काकांनी चार दिवस हेलपाटे मारायला लावले आणि पाचव्या दिवशी उपकार केल्यासारखी सही केली.

आता स्वतःचा अर्ज घेऊन त्या संध्याकाळी मावशी पुन्हा त्याच काकांसमोर, म्हणजे आपल्या दिरांसमोर, उभ्या राहिल्या.

“सही काय, आत्ता करतो,” दिरांनी खिशातून पेन काढलं. “पण वहिनी, दिवसभर तिथेच, संध्याकाळीही तिथेच? लोक काय म्हणतील?”

“कोणते लोक, भाऊजी?”

दिरांना पटकन एकही आठवेना. आतून जाऊबाई मदतीला आल्या. “लोकांचं सोडा. तुम्ही कॉलेजात निघालात की उद्या आमची हीसुद्धा मागेल.”

‘ही’ म्हणजे त्यांची मुलगी. बारावीला वर्गात दुसरी आली, तर कॉलेज लांब पडतं म्हणून तिला घरी बसवलेलं. ती ओट्याशी कणीक मळत होती. मळता मळता तिचे हात थांबले.

“तेच म्हणतोय मी,” दीर म्हणाले. “हिला काय उत्तर देऊ?”

“जा म्हणावं. तिलाही जाऊ द्या.”

दिरांनी पेन खिशात परत ठेवलं. “मग राहू द्या सही.”

दुसरा दिवस अर्जाचा शेवटचा. मावशींचं तोंड बघून हेडक्लार्कना खरोखर वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या आत राहून जेवढं चांगलं असता येतं तेवढा होता.

“मुलगा किती वर्षांचा तुमचा?”

“एकोणीस पूर्ण.”

“अहो, मग सोन्यासारखा पालक घरात असताना दिराच्या दारात कशाला जाता?”

“तो चालतो?”

“चालतो काय, पळतो!”

लेक खरोखरच पळत आला, तास सोडून. गुणी पोरगा. पेन घेऊन अर्जावर वाकला. तोंडी खात्री करायचाही नियम होता, म्हणून हेडक्लार्कनी विचारलं, “काय रे, आईला शिकायला पाठवायची तयारी आहे ना तुझी?”

पोराने खिडकीवर कोपर टेकवलं. “बघतो बुवा. नीट अभ्यास केला नाही तर नाव काढून टाकीन.”

हेडक्लार्क हसले. रांगेतल्या बायकाही हसल्या. मावशींच्याही ओठांवर हसू आलं होतं. पण त्यांची नजर पेनाकडे गेली. ते कागदाच्या वर बोटभर थांबलं होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. लहान मुलाच्या हाती लागू नये म्हणून चेंडू जरा उंच धरावा, तसं ते धरलं होतं. ज्याला त्यांनी चड्डीची नाडी बांधायला शिकवलं, त्याने.

“आण ते इकडे.”

“आई, गंमत केली गं!”

“माहीत आहे मला. तुला गंमत करता येते, हेच तर लिहिलंय या रकान्यात. आण.”

“मग मी काय करू?”

“तासाला जा.”

चौदाव्या रकान्यात मावशींनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. नातं : स्वतः. खाली सही ठोकली.

“बाद होईल, मावशी!”

“होऊ द्या. कारण लिहून द्या.”

“तोंडी सांगतोय ना!”

“मला लेखी हवं. तोपर्यंत मी हलत नाही.”

रांग कुजबुजायला लागली. हेडक्लार्कनी एक कागद लिहिला, फाडला. दुसरा लिहिला, तोही फाडला. खरं कारण सभ्य भाषेत बसेना. शेवटी बसलं. मावशींनी ते मोठ्याने वाचलं : “अर्जदार महिलेने स्वतःची जबाबदारी स्वतः घेतल्यामुळे अर्ज अपात्र.”

रांगेतलं हसू कुठच्या कुठे गेलं. बागेत काम करणाऱ्या बाईंच्या अर्जावर नवऱ्याची सही होती. त्यांनी ती खोडली, शेजारी स्वतःची केली आणि म्हणाल्या, “मलाही असाच कागद द्या.” खिडकी बंद होईपर्यंत नऊ अर्ज अपात्र झाले. दहावा आलाच नाही.

महिन्याभराने प्रयोगशाळेत गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल आला. त्यात एक ओळ होती : ‘महिला कर्मचाऱ्यांत शिक्षणाविषयी अनास्था आढळल्याने स्वावलंबिनी योजना बंद करण्यात येत आहे.’

अनास्था! दार बाहेरून कडी लावून बंद करायचं, आणि आतल्या बाईला फिरायची आवड नाही असं छापायचं. हे छापणाऱ्यांच्या भिंती सन्मानपत्रांनी भरलेल्या असतात, आणि सन्मान द्यायला जाणारे आपणच असतो.

मावशींनी नळ बंद केला, हात पुसले आणि अपात्रतेचे ते नऊ कागद घेऊन, ऐन कामाच्या वेळी, कुलगुरूंच्या दालनाकडे निघाल्या. मागे रांगेतल्या त्या आठ जणी.

“कुणी पाठवलंय?” दारावरच्या शिपायाने विचारलं.

“कुणी नाही. आम्ही आलोय.”

आत जाऊन नेमकं काय सांगावं, ते शिपायाला कळेना. एवढ्या वर्षांत त्या दारात बाई आली होती ती कोणीतरी पाठवलेलीच. त्याने दार अर्धवट उघडलं.

उरलेलं मावशींनी उघडलं.