लोलक, मोटर आणि एक ‘हं’

टक्. फ्रिजवरचं चुंबकाचं बदक फरशीवर पडलं आणि नुकताच डोळा लागलेलं बाळ दचकून रडायला लागलं. पाच वर्षांच्या थोरल्या लेकीने बदक उचलून मुठीत धरलं. तेवढ्यात खालून गलका ऐकू आला. दोऱ्याला टांगलेला लोलक धरून यंत्रांच्या जोड्या जुळवणारे लोलकवाले काका आले होते.

बाळाला खांद्यावर टाकून आई खिडकीशी गेली. इमारतीच्या आवारात अर्धी गल्ली लोटली होती. मधोमध स्टुलावर तिच्या धाकट्या भावाची विजेवर पळणारी स्केटबोर्डची फळी उलटी ठेवलेली: चार चाकं, एक मोटर, एक बॅटरी. सगळं त्याने स्वतः जोडलेलं. तो शेजारी उभा होता, मनगट प्लास्टरमध्ये. गेल्या आठवड्यात पुलाच्या चढावर फळी एकाएकी बंद पडली आणि तो तोंडघशी आपटला होता.

प्लास्टर दिसलं की तिला त्याचा प्रश्न आठवायचा. फळी जोडताना त्याने विचारलं होतं, “ताई, बॅटरीचे नि मोटरचे व्होल्ट सारखेच आहेत. मग जोडी जुळेल ना?” ती शाळेत विज्ञान शिकवणारी, बाळासाठी रजेवर. बाळ अंगावर पीत होतं, पापण्या मिटत होत्या. ती म्हणाली होती, “हं.” लेकीच्या दिवसभराच्या प्रश्नांना न ऐकता द्यायची, तेच ते हं. त्याने ते होकार म्हणून घेतलं. उरलासुरला किंतु काकांच्या लोलकाने फेडला.

आताही काकांची पोपटपंची जोरात होती. “विजेलाही मन असतं, बाळांनो. मोटर म्हणजे मन, बॅटरी म्हणजे प्राण. दोघांचं पटलं की माझा लोलक नाचतो.” पितळी रंगाचा तो लोलक मोटरच्या तोंडाशी आला आणि खरोखरच नाचायला लागला. गर्दीचा श्वास अडकला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर घरचा बंद पडलेला पंखा आणला होता, त्याचं कुणाशी जमतंय ते बघायला.

काका भावाला म्हणाले, “जोडी जुळलेलीच आहे. तुझ्या मनात शंका होती, म्हणून पडलास. आता निःशंक होऊन चढ.”

भावाने मान डोलावली. उद्या पुन्हा पुलावर जाणार म्हणाला.

ती होती तशी, खांद्यावरच्या बाळासकट नि दुधाच्या डागासकट, खाली उतरली. पण लेक तिच्याही आधी गर्दीत घुसली होती. तिने कौतुकाने लोलकाला बदक दाखवलं. लोलक मोटर सोडून उडाला आणि बदकाला चिकटला.

“काका, तुमची बदकाशी पण जोडी जुळली.”

हशा पिकला. निष्पाप बालकाची ऊर्जाच वेगळी, असं काहीतरी काका पुटपुटले. आईने लोलक स्वतःच्या हाती मागून घेतला. बॅटरी बाजूला काढली, तिच्या जागी लेकीची चप्पल ठेवली. लोलक तितक्याच आनंदाने नाचला. मग मोटर फळीसकट दूर नेली, स्टुलावर नुसती बॅटरी ठेवली. लोलक मुडद्यासारखा लोंबकळला.

“हे लोखंड आहे, वरून रंग दिलेलं,” ती म्हणाली. “मोटरच्या पोटात चुंबकं असतात. ती लोखंडाला ओढतात. शेजारी बॅटरी आहे की चप्पल, त्यांना देणंघेणं नाही.”

काकांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

भावाचा चेहरा मात्र उतरला होता. “पण ताई, तू पण हं म्हणाली होतीस.”

“मी ऐकलंच नव्हतं रे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. मग तिने त्याला नीट सांगितलं. नुसते व्होल्ट जुळून भागत नाही. टाकी भरलेली, पण नळ बारीक, अशी ही बॅटरी. चढावर मोटर भसाभस करंट मागते. बॅटरीला तेवढा झेपला नाही, की तिच्यातलं संरक्षक सर्किट पुरवठाच तोडतं. मोटर किती मागते आणि बॅटरी किती देऊ शकते, हे दोन आकडे शोधायचे, ताडून बघायचे. लोलक सांगो, बाबा सांगो, नाहीतर सख्खी बहीण सांगो, मोजल्याशिवाय मानायचं नाही.

गर्दी पांगली. दुकानदार पंखा घेऊन परतला. फळी भावाने बगलेत मारली, उद्याचा पूल रद्द करून.

जिना चढताना बाळ तिच्या खांद्यावर पुन्हा झोपी गेलं. लेक मागून एकेक पायरी चढत होती, बदक हातात घेऊन.

“आई, लोलक उगीचच हो म्हणाला, कारण त्याला चुंबक ओढत होतं. मग तू मामाला उगीचच हं म्हणालीस, तेव्हा तुला कोण ओढत होतं?”