ग्राफवाली जोयजे

माझे दीर भिकनभाऊ सुरतेत कतारगामला लूमच्या एका कारखान्यात मागांवर सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, चढवत. आमच्या खोलीत बातमी आणायचं कामही त्यांचंच, आणि आणताना बातमीचा एखादा हातपाय हमखास वाटेत सांडायचा. सत्त्याण्णव सालच्या चैत्रात ते चप्पल न काढताच घरात शिरले.

"वहिनी, तुन्हं काम व्हयनं समज! शेठकडे कम्प्युटर उना. त्याले ग्राफवाली जोयजे."

"ग्राफवाली पाहिजे? नक्की?"

"मी मन्हा कानघाई ऐकं!"

मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून मी फार उलटतपासणी केली नाही.

माझं शिक्षण अकरावी. लग्नाआधी अमळनेरला आमच्या गल्लीतल्या टायपिंग क्लासात एक कम्प्युटर आला होता. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून सरांना झाकण हवं होतं. मी दुसुतीच्या कापडावर मोर भरून दिला आणि बदल्यात रोज दुपारी एक तास त्या मशीनसमोर बसायला मागितलं. तीन महिन्यांत माउस हातात बसला. चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडला की पडद्यावर बारीक बारीक घरं दिसायची, आणि मला वाटायचं, अरे, ही तर माझी दुसुतीच.

सुरतेला आले तेव्हा हे सगळं सोबत आणलं होतं, पण ते दाखवायला कागद नव्हता. तीन ठिकाणी गेले, तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच, "ग्रॅज्युएट?" त्यापुढे संभाषण जात नसे. घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसायचे. त्या सोल्युशनच्या वासाने असा खोकला लागला की रात्री शेजारची बाई भिंत ठोकायची. शेवटी माझे मालक हिलाल म्हणाले, "आखाजीला माहेरी जाशीलच, तर तिकडेच राहा थोडे महिने. मला काही बरं काम लागलं की बोलावतो." रागाने नव्हते म्हणाले. म्हणूनच भीती वाटली. आमच्या चाळीतल्या अशा दोघी आखाजीला गेल्या होत्या, आणि त्यांचे 'थोडे महिने' अजून चालूच होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा दिवस उरले असताना मी भरतकामाचे नमुने काढलेली ग्राफची जुनी वही पिशवीत घालून भिकनभाऊंच्या मागोमाग कारखान्यात गेले. वहीत पोपट, गुलाब, तुळशीवृंदावन, सगळे चौकटी-चौकटींचे.

कम्प्युटरला काचेची वेगळी खोली होती, आत थंडगार. चपला बाहेर काढायच्या. बाहेर मागांवरची माणसं घामाने निथळत होती आणि मशीनला मात्र थंड हवा. रसिकभाई शेठनी मला खालून वर पाहिलं.

"बेन, ग्रेज्युएट छो?"

वही उघडता उघडता माझा हात थांबला. ग्रॅज्युएट. ग्राफ. म्हणजे भिकनभाऊंनी या खेपेला वाटेत हे सांडलं होतं तर! मागे वळून पाहिलं, तर काचेपलीकडून ते मला अंगठा दाखवत होते.

"नाही शेठ," मी म्हटलं. "ग्राफ." आणि वही पुढे केली.

शेठनी वहीतला पोपट पाहिला, मला पाहिलं आणि खुर्चीसकट हलेपर्यंत हसले. "केतन, जो तो! ग्रेज्युएट मंगाव्यो ने ग्राफ आव्यो!"

केतन म्हणजे मशीनवर बसलेला, शेठनी नोकरीला ठेवलेला बी.एस्सी. झालेला पोरगा; त्याच्या जोडीला त्यांना आणखी एक माणूस हवं होतं. तोही हसला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. पडद्यावर साडीच्या पदराचं चौकटी-चौकटींचं मोठं फूल होतं, पाकळ्या कशा गुळगुळीत.

वही उचलून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण चौकटी दिसल्या की मोजायची मला खोड आहे.

"या पाकळीत सव्वीस घरं सलग एकाच रंगाची आहेत," मी म्हटलं.

"तो क्या?" केतन मान न वळवता म्हणाला.

"विणल्यावर दोरा सव्वीस घरं मोकळाच राहील. मध्ये कुठे टाका नाही. बांगडीत अडकेल."

"आन्टी, कम्प्युटरने पास किया है."

"कम्प्युटर बांगड्या घालत नाही ना, भाऊ."

शेठचं हसू थांबलं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक साडी काढली आणि माझ्यासमोर टाकली. व्यापाऱ्याने परत पाठवलेली, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. तिच्यावर तसलंच फूल. मी त्यावरून नुसतं मनगट फिरवलं. काचेच्या बांगडीने दोरा धरला आणि लांब फास बाहेर आला. हात मागे घेताच दोरा तुटला आणि त्याचा तुकडा बांगडीतच अडकून राहिला.

"सुधारी शकशो?" शेठनी विचारलं.

केतन उठला, पण नाखुशीने. मी बसले आणि माउस धरला, तर तो टेबलावरून खालीच गेला. वरची इंग्रजी नावं अमळनेरच्या मशीनवर होती तशी नव्हती. मी केतनला म्हटलं, "मला नुसता रंग निवडून दे. टाके मी घालते."

लांब पाकळी भरताना आम्ही मधूनमधून टाका घेऊन दोरा बांधतो, तसं दर सहा घरांनी एक घर बदलत गेले, जरा तिरकं, म्हणजे ते पाकळीच्या शिरेसारखं दिसेल. एका पाकळीला पाऊण तास लागला. दुसरी सुरू केली तेव्हा केतनने स्टूल ओढलं.

"आन्टी, रुको." त्याने पाकळीभोवती एक चौकोन ओढला, दोन बटणं दाबली, आणि माझी पाकळी फुलाच्या सातही पाकळ्यांच्या जागी जाऊन बसली.

अमळनेरच्या मोराचे बावन्न डोळे मी एकेक करून भरले होते.

शेठनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. "नाम?"

"कमल हिलाल पाटील."

"अभ्यास?"

"अकरावी."

पेन थांबलं. "पार्टी लोग पूछते है, डिझाइन कौन बनाता है. ग्रेज्युएट लिख दूं? कौन देखता है."

हो म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. बारा दिवस, खोकला, चाळीतल्या त्या दोघी, सगळं त्या एका शब्दात बसत होतं. पण मग कोणी कॉलेज विचारलं की थाप, वर्ष विचारलं की दुसरी थाप. थापांचा दोराही असाच मोकळा राहतो.

"ग्राफ लिहा, शेठ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावर रेघ नसलेल्या गुजराती अक्षरांत खरंच लिहिलं, ग्राफ. मग म्हणाले, "एक महिनो जोईए."

गुजरातीत 'जोईए' म्हणजे 'पाहिजे' आणि 'जोईए' म्हणजे 'बघू या'ही. मी दोन्ही अर्थ पदरात घेतले आणि बाहेर आले.

"लागनं का?" भिकनभाऊ चपलांपाशीच उभे होते.

"महिनाभर बघणार आहेत."

"मंग आखाजी?"

"आखाजीला तुम्हीच जा. माझ्या आईला सांगा, मला यंदा सुट्टी नाही."

भिकनभाऊंना ते समजायला थोडा वेळ लागला. मग छाती काढून म्हणाले, "म्हंजे मी बराबर सांगेल व्हतं! ग्राफवाली जोयजे!"

"अगदी बरोबर," मी म्हटलं, आणि बांगडीला गुंतलेला तो दोरा सोडवत चपला शोधू लागले.