इंजिनातली किंचाळी

वाळत घातलेली मासळी तशीच टाकून दर्याकाठचं सगळं चौक गाव समुद्रनाथ बाबाच्या मठाच्या शेडपुढे जमलं होतं. मधोमध लाकडी घोडीवर महिपतच्या टॅक्सीचं इंजिन. त्याला झेंडूचा हार, वर हळदीकुंकू. आणि पलीकडे कमरेला दोर बांधून उभी केलेली शेवंती. दोराचं टोक दोघा बाप्यांच्या हातात होतं. मागे भरती चढत होती.

"तीन डुबक्या!" समुद्रनाथ बाबा गरजला. "तिसरी डुबकी, और लवूचा आत्मा हिला सोडून दर्याला परत! बोलो, बंधन छूट जाय!"

"छूट जाय!" गाव ओरडलं.

भरतीच्या लाटांत दोराने बांधून बुडवलेल्या बाईचं काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी ओरडणाऱ्यांत शेजारणीही होत्या. शेवंती शाळेच्या वाटेकडे बघत होती. वाट रिकामी होती.

लवू तिचा नवरा. काविळीने गेला आणि त्याची टॅक्सी धाकट्या भावाकडे, महिपतकडे आली. गावातली ती एकुलती एक गाडी. पहाटे मासळीच्या टोपल्या भाईंदरला न्यायची, अडल्यानडल्या बाईला दवाखान्यात पोचवायची. इंजिन थकलं तेव्हा बाबाचा चेला नाथा मिस्त्री म्हणाला, "मठात आण, मी नवं करून देतो." त्याने ते खोललं, धुतलं, पुन्हा बांधलं. पण इंजिन फिरवायचं हॅन्डल हलेना. जोर लावला की आतून करकर आवाज यायचा. मग बाबाने डोळे मिटून मंत्र म्हटला, प्लगच्या भोकांतून कमंडलूतलं लाल तीर्थ ओतलं आणि हॅन्डल गपकन फिरलं! बायकांनी हात जोडले.

इंजिन गाडीत बसवलं. गाडी गावाच्या टोकालाही पोचली नाही, तोच आतून अशी किंचाळी फुटली की महिपत दार उघडून बाहेर पळाला. इंजिन जाम झालं होतं.

"हा लवू ओरडला," बाबा म्हणाला. "तो बायकोच्या अंगात शिरलाय. ती घरात आहे, तोवर तो चाक फिरू देणार नाही."

त्यानंतर शेवंतीच्या हातचं पाणी कुणी घेईना. रात्री उशीत तोंड खुपसून तिने स्वतःलाच विचारलं होतं, खरंच माझ्यात काही असेल का? पण बाबाने इंजिनात तीर्थ ओतलं त्या दिवशी त्याचा एक थेंब तिच्या हातावर उडाला होता. धुतला तर लाली गेली, चिकटपणा राहिला. तिने वास घेतला. पोरांना पाजतो ते एरंडेल! तिने जाऊन शाळेतल्या इंदुबाईंना सांगितलं. बाईंचा भाऊ एसटीच्या डेपोत इंजिनांच्या कामाला होता. "त्याला विचारून येते," एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

नाथाने नवे बेअरिंग घालून इंजिन पुन्हा बांधलं होतं, ते आज घोडीवर होतं. हॅन्डल पुन्हा फिरत नव्हतं; शेवंतीला बुडवलं की बाबा त्यात तीर्थ ओतणार होता. दोर ताणला गेला. शेवंतीचा पाय ओल्या वाळूत गेला.

"थांबा!"

इंदुबाई धापा टाकत गर्दीतून आत आल्या. "बाबा, मंत्रात ताकद आहे ना? मग नुसता मंत्र म्हणा. तीर्थ ओतू नका."

"बाई, तुम्ही मधी पडू नका," दोर धरलेला एकजण म्हणाला.

"जीव जायचा हाय एका बाईचा," म्हातारे दाजी काठी आपटत पुढे आले. "इचारलं तर काय बिघडतंय? बाबा, म्हना."

बाबा चिडला, मग हसला, मग मोठ्याने मंत्र म्हणू लागला. महिपतने हॅन्डलला जोर लावला. करकर. हॅन्डल हललं नाही. बाबा घामाघूम झाला. "हिची सावली पडतेय! हिला लांब न्या!"

"लांब नाही, जवळ आणा," इंदुबाई म्हणाल्या आणि एरंडेलाची बाटली शेवंतीपुढे धरली. "ओत. मंत्र नको."

शेवंतीने बाटली तिरपी केली, थोडं तेल हारावर सांडलं. बाकीचं तिने भोकांत ओतलं. गर्दी एक पाऊल मागे सरली. महिपतने हॅन्डल धरलं. पहिला वळसा अडखळत गेला. दुसरा फिरला. तिसरा लोण्यातून सुरी जावी तसा.

कुणी हात जोडले नाहीत.

"आता खालचं झाकण उघडा," बाई म्हणाल्या. नाथा जागचा हलेना, तेव्हा महिपतनेच पाना घेतला. बाईंनी पांढरा रुमाल बेअरिंगवरून फिरवला. रुमाल पांढराच राहिला.

"माझा भाऊ सांगतो, इंजिन बांधताना आतल्या प्रत्येक फिरणाऱ्या भागाला हाताने तेल चोळायचं असतं. इथे सगळं पुसून कोरडं बांधलंय, तेलाचा पंपसुद्धा. मग गाडीत बसवल्यावर खाली भरलेलं तेल वर चढणार कसं? तीर्थाने पिस्टन तेवढे सुटले, म्हणून हॅन्डल फिरलं. गाडी धावली तेव्हा हे कोरडे बेअरिंग घासले, तापले, चिकटले. किंचाळले ते हेच."

"बाबांनीच सांगितलं कोरडं बांधायला," नाथा खाली बघत पुटपुटला. "लोक घाबरले की मठ सोडत न्हाईत."

बाबा शेडच्या मागच्या दाराने निघाला होता. दाजींनी काठी आडवी धरली. "आता पोलीस येईपर्यंत बस हितंच."

शेवंतीने स्वतःच दोर सोडला. महिपत तिच्या पायांशी वाकला. "वयनी, चुकलो."

"उठा, भावजी. पाया पडू नका. मी न्हाई केलं, हे या सगळ्यांना मोठ्यानं सांगा."

त्याने सांगितलं. दोर धरलेले दोघं समुद्राकडे बघत राहिले.

पुढे महिपतने ते इंजिन भाईंदरहून आणलेल्या दुसऱ्या मिस्त्रीकडून बांधून घेतलं, एकेका भागाला तेल चोळून. सुरू केलं तर साधी घरघर. टॅक्सीत पहिली शेवंती बसली.

इंदुबाई त्या दिवशी गावाला एवढंच म्हणाल्या होत्या: "इंजिन ओरडलं तेव्हा तुम्ही विचारलंत, हे कुणामुळे झालं? आत काय बिघडलंय, हे कुणी विचारलं नाही. त्या एका प्रश्नावाचून आज एक बाई जिवानिशी गेली असती. पुढच्या वेळी कुणी कुणाकडे बोट दाखवलं, तर आधी झाकण उघडून बघा."